प्लेअर पियानोच्या भात्यांना नवं कापड

प्लेअर पियानो म्हणजे भोकं पाडलेल्या कागदी रोलवरून आपोआप वाजणारा पियानो. जुना प्लेअर पियानो हवा खेचून चालतो. कागदी रोलचं भोक पितळी पट्टीवरच्या भोकासमोर आलं की बाहेरची हवा नळीतून शिरते, चामड्याची पातळ चकती फुगून झडप उचलते, आणि त्या सुराचा भाता मिटताना हातोडी मारतो. बहुतेक पियानोंत असे ८८ भाते असतात. पॅडल मारून दम लागतो, तरी सूर मवाळच येतात, तेव्हा कापड विरलं असं समजा.

काढण्याआधी प्रत्येक भात्यावर पेन्सिलने क्रमांक घाला आणि तो मूळ किती उघडत होता ते मोजून ठेवा. शिशाच्या नळ्यांवर पांढरी भुकटी असेल तर ती विषारी आहे. मास्क आणि हातमोजे घाला, झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा.

जुनं कापड आणि सरस (जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंद) खरवडून भात्याच्या दोन्ही फळ्यांच्या कडा सपाट घासा. जुन्या सरसाचा डाग राहिला तर हवा तिथूनच गळते. आतली कापडी बिजागरी आधी बदला. नव्या पट्टीची रुंदी म्हणजे भाता उघडण्याचं माप अधिक दोन्ही फळ्यांची जाडी. लांबीत १ सेंमी जोड धरा. कापड मूळच्याच जाडीचं हवं. जाड कापडाने भाता आळशी होतो.

सरस थंड पाण्यात भिजवून दुहेरी भांड्यात ६० अंश सेल्सियसला पातळ करा; जास्त तापला तर पकड जाते. सुतारकामाचा पांढरा गोंद सोपा वाटतो, पण पुढच्या वेळी कापडाबरोबर लाकूडही सोलून निघतं. अशी ‘दुरुस्ती’ निस्तरणं मूळ कामापेक्षा अवघड! सरस पटकन थिजतो, म्हणून एका वेळी एकच कड लावा. बिजागरीच्या टोकापासून सुरुवात करून जोडही तिथेच आणा. सुकल्यावर जादा कापड ब्लेडने कापून बाजूच्या घड्या बोटाने आत वळवा.

आता भाता मिटून त्याच्या भोकावर अंगठा दाबा आणि उघडून पाहा. त्याने उघडायला विरोध केला पाहिजे. सहज उघडला तर गळती शोधा. ही तपासणी टाळून ८८ भाते चिकटवले तर सगळं पुन्हा उचकटावं लागतं.

कडक झालेल्या रबरी नळ्या सरसकट बदला. जोडणीनंतर एखादा सूर वाजतच राहिला, तर चकतीखालची हवा सोडणारं बारीक छिद्र तुंबलेलं असतं, झडपेत कचरा अडकलेला असतो किंवा नळी तडकलेली असते. सूर अजिबात उठला नाही, तर बहुधा चकतीचं चामडं गळतंय.