‘पॅन’ रोजची झालीय? अ‍ॅसिडिटीच्या गोळीबाबत या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर कानावर पडणारी मागणी म्हणजे “एक पॅन द्या.” चिठ्ठी नसते. किती मिलिग्रॅमची हवी असं विचारलं तर “ती पिवळी, नेहमीची” एवढंच उत्तर येतं. पँटोप्रॅझोल (‘पॅन’ ती हीच), ओमेप्रॅझोल, राबेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल ही सगळी पोटातलं आम्ल कमी करणारी, एकाच गटातली औषधं. कायद्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात, पण प्रत्यक्षात ती घरोघरी मिठाच्या बरणीशेजारी सापडतात.

औषधं चांगली आहेत, याबद्दल वाद नाही. १९७०च्या दशकात आम्ल कमी करणारं सिमेटिडीन आणि १९८०च्या अखेरीस ओमेप्रॅझोल आलं, तशा अल्सरसाठी पोट उघडून कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या. माझी तक्रार गोळीबद्दल नाही, ती घेण्याच्या पद्धतीबद्दल आहे. वेळ चुकल्यामुळे ती पुरती लागू पडत नाही, आणि जिथे दोन महिन्यांत संपायला हवी तिथे वर्षानुवर्षं चालू राहते.

जळजळ सुरू झाल्यावर घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच. रात्री लग्नात जेवण झालं, अकरा वाजता घशाशी आंबट आलं, मग पॅन घेतली. तासाभराने फोन येतो, “काही फरक नाही, दुसरी कंपनी द्या.” दुसऱ्या कंपनीनेही फरक पडणार नाही.

जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात. ही गोळी आधी आतड्यात विरघळते, तिथून रक्तात जाते आणि मग त्या पेशींपर्यंत पोहोचून पंप बंद पाडते. पण तिला फक्त चालू असलेलेच पंप बंद करता येतात, झोपलेले नाहीत. पंप जागे होतात जेवणामुळे. औषध रक्तात टिकतं जेमतेम तास-दोन तास. म्हणजे औषध रक्तात हजर असताना पंप चालू असले पाहिजेत, तरच नेम लागतो. म्हणून वेळ ठरते जेवणाआधी अर्धा ते एक तास. आधीच्या रात्रीचं जेवण केव्हाच उतरलेलं असतं आणि रात्रभर पंप जमा झालेले असतात, त्यामुळे न्याहारीआधीची वेळ सगळ्यात बरी.

आता आपल्याकडची खरी अडचण. “मी रोज अनशापोटी घेतो” असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सकाळी सहाला गोळी, सव्वासहाला चहा, मग थेट दीड वाजता डबा. अर्धा कप चहा म्हणजे जेवण नव्हे. गोळी येऊन गेली तेव्हा पंप बरेचसे निवांतच होते. न्याहारी करत नसाल तर गोळी दुपारच्या जेवणाआधी घ्या. त्रास मुख्यतः रात्री होत असेल, आडवं पडल्यावर छातीत चढत असेल, तर रात्रीच्या जेवणाआधी घेणं जास्त उपयोगाचं, पण हा बदल डॉक्टरांना विचारून करा. एकादशीला किंवा नवरात्रात दिवसातून एकदाच फराळ असेल तर त्या फराळाआधी घ्या. (साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड आणि वर चार कप चहा हा उपवास पोटाला कितपत मानवतो, हा वेगळा विषय.)

दुसरं म्हणजे पहिल्या दिवशी पूर्ण आराम पडत नाही. दर दिवशी काही पंप बंद होतात, काही नवीन तयार होतात. तीन-चार दिवस सलग, वेळेवर घेतल्यावर औषधाचा खरा जोर दिसतो. एक दिवस घेऊन “लागू पडत नाही” म्हणणाऱ्याने ती नीट वापरलेलीच नसते.

मग आत्ता, या क्षणी जळजळ होतेय त्याचं काय? त्यासाठी जेलुसिल, डायजीनसारखं पातळ औषध आहे. ते तयार झालेलं आम्ल जागच्या जागी मारतं, काही मिनिटांत आराम देतं. रिकाम्या पोटी तो आराम तासाभराच्या आत संपतो, जेवणानंतर थोडा जास्त टिकतो. पावडर पाण्यात टाकून फेस येणारे सोडे त्याच कामाचे, पण त्यात सोडियम भरपूर असतं. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी ते सवयीने घेऊ नयेत. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं नंतर आम्ल वाढवतात.

मधल्या जागेसाठी फॅमोटिडीन आहे. तासाभरात कामाला लागतं, दहा-बारा तास टिकतं, जेवणाच्या वेळेचं बंधन कमी. मात्र रोज घेतलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर त्याला सरावतं आणि जोर ओसरतो. याच गटातलं रॅनिटिडीन अजूनही लोक मागतात. त्यात एनडीएमए हे कर्करोगाशी संबंध असू शकणारं रसायन तयार होतं असं दिसल्यावर अमेरिकेने २०२०मध्ये ते बाजारातून काढायला लावलं. भारतातही २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं गेलं. फॅमोटिडीन हाताशी असताना रॅनिटिडीनचा हट्ट धरायला मला कारण दिसत नाही.

गोळी चावू नका, कुटून ताकात घालू नका. तिच्यावरचं आवरण जठरातल्या आम्लापासून तिला वाचवण्यासाठीच असतं. वयस्कर माणसाला गिळता येत नसेल तर केमिस्टला सांगा. काही कॅप्सूलमधले दाणे मऊ खाण्यात घालून, न चावता गिळता येतात.

‘डी’ लागलेली कॅप्सूल

साधी पॅन आणि पॅन-डी यांत लोक फरक करत नाहीत. “डीवाली जास्त स्ट्राँग” असा समज आहे. त्या ‘डी’मध्ये डोम्पेरिडोन असतं, तेही सावकाश सुटणारं, बहुतेक कॅप्सूलमध्ये ३० मिलिग्रॅम. ते मळमळ-उलटीचं औषध आहे. आम्ल कमी करण्याशी त्याचा संबंध नाही. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याच्या धोक्यामुळे युरोपच्या औषध नियामकाने २०१४मध्ये त्याचा वापर मळमळ-उलटीपुरताच ठेवला, तोही साधारण आठवडाभर आणि एका वेळी १० मिलिग्रॅमच्या मात्रेत. आपल्याकडे लोक तेच वर्षभर चहाआधी घेतात. मासिक पाळी चुकणं, पुरुषांची छाती दुखून वाढणं अशाही तक्रारी त्यातून उद्भवतात आणि त्यांचा धागा या कॅप्सूलशी कुणी जोडत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक किंवा बुरशीवरचं फ्लुकोनाझोल चालू असताना तर डोम्पेरिडोन नकोच. डॉक्टरांनी ‘डी’ लिहिलं असेल तर किती दिवस, हे तोंडाने विचारून घ्या.

अल्सर पॅनने भरतो, पण कारण तसंच राहतं

पोटाच्या अल्सरला तिखट आणि काळजी जबाबदार, ही समजूत अजून पक्की आहे. प्रत्यक्षात बहुतेक अल्सरमागे दोन कारणं असतात. एक हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू, दुसरं पेनकिलर. जंतूचा शोध लावणारे ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५चं नोबेल मिळालं. कुणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शल यांनी १९८४मध्ये तो जंतू स्वतःच पिऊन पोटाला सूज आणून दाखवली होती.

नुसती पॅन घेतली तर चार-पाच दिवसांत दुखणं थांबतं, अल्सर भरूही लागतो. जंतू मात्र तिथेच राहतो, आणि गोळी बंद केली की पुन्हा व्रण. म्हणून अल्सर निघाला की पहिला प्रश्न हवा, “जंतूची तपासणी झाली का?” श्वासाची, शौचाची किंवा एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्याची, अशी ती तपासणी असते. इथेच एक चूक नेहमी होते. पॅन चालू असताना तपासणी केली तर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. पॅनसारख्या गोळ्या किमान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवीत. अर्थात अल्सरमधून रक्तस्राव होत असेल तर गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही.

जंतूवरचा कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो. दोन-तीन अँटिबायोटिक आणि सोबत दिवसातून दोनदा पॅन. तोंड कडू होतं, मळमळतं, जुलाब होतात, आणि सहाव्या-सातव्या दिवशी “आता बरं आहे” म्हणून स्ट्रिप कपाटात जाते. मग उरलेला जंतू औषधाला दाद न देणारा होतो आणि दुसऱ्यांदा कोर्स अवघड जातो. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू खरंच गेला का, हे पुन्हा तपासायचं असतं. ते फारच थोडे लोक करतात. रक्ताची अँटिबॉडी तपासणी यासाठी निरुपयोगी. ती जंतू गेल्यावरही बराच काळ पॉझिटिव्ह राहते.

अल्सर जठरात आहे की पुढच्या लहान आतड्याच्या तोंडाशी, हेही कागदावर पाहून ठेवा. जठरातला अल्सर आठेक आठवड्यांनी भरला का हे बघायला डॉक्टर पुन्हा दुर्बीण सांगतात, कारण काही वेळा अल्सरसारखा दिसणारा व्रण कर्करोगाचा असतो आणि या गोळीने तोही तात्पुरता निवळल्यासारखा वाटतो. ती दुसरी एंडोस्कोपी टाळू नका. सिगारेट, तंबाखू, मिश्री चालू असेल तर व्रण भरायला वेळ लागतो, हे गोळी लिहिणाऱ्यानेही सांगायला हवं.

पेनकिलरचं उलटं आहे. गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅक घेणारी सत्तरीतली व्यक्ती, आधी अल्सर झालेला माणूस, अ‍ॅस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारं दुसरं औषध घेणारा हृदयरुग्ण, यांना पोटाचं संरक्षण खरोखर हवं असतं. पण पंचविशीतल्या मुलाला दाढ काढल्यावर तीन दिवसांच्या पेनकिलरसोबत किंवा तापाच्या पॅरासिटामॉलसोबत पॅन लागतेच असं नाही. “गरम पडू नये म्हणून” प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी ती आपोआप येते, एवढंच.

जे अ‍ॅसिडिटी नाही त्यावर गोळी

छातीच्या मधोमध दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चालताना वाढणारी आणि थांबल्यावर कमी होणारी जळजळ. यावर पॅन घेऊन वाट बघू नका, लगेच ईसीजी काढा. मधुमेह असेल तर लक्षणं याहूनही पुसट असतात. “गॅस असेल” म्हणत घालवलेले दोन तास हार्ट अटॅकमध्ये परत मिळत नाहीत.

अर्धं डोकं ठणकतं, उजेड नको वाटतो, उलटी झाली की बरं वाटतं. घरात याला पित्तच म्हणतात आणि पॅन दिली जाते. ही पुष्कळदा अर्धशिशी असते आणि तिची औषधं वेगळी आहेत.

डांबरासारखी काळी, चिकट शी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी म्हणजे थेट हॉस्पिटल. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण शंका असेल तर डॉक्टरांना ठरवू द्या. घास अडकणं, कारण नसताना वजन घटणं, हिमोग्लोबिन उतरणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली अ‍ॅसिडिटी यांपैकी काहीही असलं तर आधी तपासणी.

आणि घशाशी येतंच राहिलं तर गोळी वाढवण्याआधी एवढं लक्षात घ्या की ही गोळी वर येणं थांबवत नाही, वर येणाऱ्या पाण्यातलं आम्ल कमी करते. वर येणं कमी होतं ते रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी आटोपल्याने, पोटाचा घेर उतरल्याने, डाव्या कुशीवर झोपल्याने आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो सहा-आठ इंच उचलल्याने. उश्या वाढवू नका, त्याने कंबरेत वाकून पोटावर उलट दाब येतो.

सोबतच्या औषधांचा घोळ

थायरॉइडची गोळीही अनशापोटी आणि ही पण, म्हणून दोन्ही एकदम घेतल्या जातात. आम्ल कमी झालं की थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, त्यामुळे पॅन रोजची सुरू झाली की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. जेलुसिलसारखं औषध तिच्यापासून चार तास लांब ठेवा, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकपासूनही निदान दोन तास. हृदयासाठी रक्त पातळ करणारं क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्रॅझोल आणि इसोमेप्रॅझोल टाळतात, पँटोप्रॅझोल चालतं.

एका झटक्यात बंद करणं, किंवा घाबरून बंद करणं

दोन-तीन महिने रोज घेऊन गोळी अचानक थांबवली की काही आठवडे पूर्वीपेक्षा जास्त जळजळ होते. माणसाला वाटतं, माझा आजार मुरलाय, मला ही जन्मभर लागणार. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अ‍ॅसिडिटी नसलेल्या निरोगी माणसांना आठ आठवडे इसोमेप्रॅझोल दिलं. ते थांबवल्यावर त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना अ‍ॅसिडिटीच्या तक्रारी सुरू झाल्या. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे ती जळजळ गोळी सुटल्याची असते. काही आठवड्यांत ती उतरते. तोवर ४० मिलिग्रॅमची २० करा, मग एक दिवसाआड, आणि मध्ये त्रास झाला तर अल्जिनेट किंवा जेलुसिलसारखं पातळ औषध, कधी फॅमोटिडीन. साध्या रिफ्लक्ससाठी (आम्ल घशाशी येण्यासाठी) पहिला कोर्स आठ आठवड्यांचा असतो. तो संपताना डॉक्टरांना “आता कशी थांबवू?” हे विचारायचं राहून जातं.

दुसरीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पॅनने किडनी जाते’ असे संदेश फिरतात. किडनीला सूज येण्याचा प्रकार खरा आहे, पण क्वचित. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, जुलाबाचे संसर्ग थोडे वाढतात. शाकाहारी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ तपासत राहावं. मात्र १७ हजारांहून अधिक हृदयरुग्णांना सुमारे तीन वर्षं रोज पँटोप्रॅझोल किंवा खोटी गोळी देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत पोटाच्या संसर्गाखेरीज दुसरा ठळक धोका वाढलेला आढळला नाही, किडनीचाही नाही.

त्यामुळे ज्यांच्या अन्ननलिकेला मोठ्या जखमा झाल्या आहेत, तिच्या अस्तरात बॅरेट नावाचा बदल निघाला आहे, अल्सरमधून एकदा रक्त गेलं आहे किंवा स्टेंट टाकल्यावर दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी असला संदेश वाचून पॅन बंद करू नये. त्यांच्या चिठ्ठीवर ती मुद्दाम लिहिलेली असते. स्टेंटची एक गोळी पुढे बंद झाली, तर पॅनचं काय करायचं हे त्याच भेटीत विचारा.