रिमॅप शिकताय? गिअरबॉक्सशी खोटं बोलू नका

रिमॅप म्हणजे ईसीयूमधले, अर्थात इंजिन चालवणाऱ्या संगणकातले, आकड्यांचे तक्ते (मॅप) बदलणं; सुटे भाग न बदलता केलेला पहिला टप्पा म्हणजे स्टेज १. एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. नाशिकमध्ये हे काम शिकताना मी जिथे अडकलो, तिथेच आजची नवी मुलंही अडकताना दिसतात. म्हणून तेवढंच सविस्तर सांगतो, बाकीचं थोडक्यात.

आधी स्लेव्ह टूलबद्दल, म्हणजे ईसीयूतली फाइल फक्त वाचायच्या-लिहायच्या यंत्राबद्दल; फाइल उघडून बदलता येते ती मास्टर टूलवर. मास्टर टूल परवडत नाही, म्हणून बहुतेक जण स्लेव्हवर सुरुवात करतात. गाडीतली फाइल वाचायची, मास्टरवाल्याकडे पाठवायची, बदललेली फाइल आली की गाडीत टाकायची. पैसे सुटतात, पण फाइल कुलूपबंद असल्यामुळे आतला मॅप तुम्हाला कधीच दिसत नाही. वर्षानुवर्षं असंच काम करणारे लोक आहेत आणि गाडी बिघडली की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘फाइल वरून आली.’ मला हा धंदा पटत नाही. पोटासाठी करावा लागला तर करा, पण रात्री विनओएलएस या मॅप वाचायच्या-बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉक (कंपनीच्या मूळ) फाइली उघडून वाचायची सवय सोडू नका.

आता मूळ गोष्ट. ऑक्टाव्हिया आरएस २३० घ्या. कंपनीकडून २३० पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). मागे सहा गिअरची, तेलात बुडालेल्या क्लचची डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), तिची क्षमताही ३५० च्याच आसपास धरलेली. पेडल दाबलं की ईसीयू थेट बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवत नाही. पेडलवरून आधी टॉर्क ठरतो, त्या टॉर्कला सिलिंडरमध्ये किती हवा लागेल ते ठरतं, आणि मग टर्बोचा दाब. उलटा हिशेबही सतत चालू असतो: आत्ता एवढी हवा आत गेली, म्हणजे एवढा टॉर्क निघतोय. हा आकडा कॅन बसवरून (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या तारांवरून) गिअरबॉक्सकडे जातो आणि क्लच किती जोरात आवळायचा हे गिअरबॉक्स त्यावरून ठरवतो. हे वाक्य पुन्हा वाचा.

बाजारातल्या स्वस्त तयार फाइलींत काय केलेलं असतं? हवेचा अक्ष पुढे ताणायचा, टॉर्कचे आकडे मात्र जुनेच ठेवायचे. मग आत हवा जाते ४३० न्यूटन-मीटरची आणि ईसीयू सांगतो ३५०. लिमिटर (टॉर्कची कमाल मर्यादा) आडवा येत नाही, चेक इंजिनचा दिवा लागत नाही, गाडी पळते, गिऱ्हाईक खूश. क्लच मात्र ३५० च्या बेतानं आवळलेला.

माझ्याकडे गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं ती अशी: “दादा, कसारा घाटात तिसऱ्या गिअरला गाडी नुसती ओरडते, पुढे जात नाही.” मी लॉग (गाडी चालताना नोंदलेले आकडे) काढले. लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ठीक, नॉक (सिलिंडरमधला अवेळी स्फोट) नाही, बूस्ट मागितला तेवढाच. इंजिनाच्या लॉगमध्ये दोष सापडणारच नव्हता, कारण तो इंजिनात नव्हताच.

वाट दाखवली ती इंजिनांचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या काकांनी. सातपूरला बॉशचा कारखाना, जुन्या लोकांच्या तोंडी अजून मायकोच (कंपनीचं जुनं नाव), त्यामुळे नाशकात पंपाचं काम जाणणारी माणसं कमी नाहीत. काका पंप बेंचवर लावायचे, समोरच्या काचेच्या नळ्यांत डिझेल जमायचं. ते वाकून डोळा पातळीला आणायचे, पण फेस बसेपर्यंत आकडा लिहीत नसत. माझा लॉग पाहून त्यांनी टॉर्कच्या रकान्यावर बोट ठेवलं. “हा आकडा मोजला कोणी?” कोणीच नाही. तो ईसीयूनं मॅपवरून काढलेला असतो, आणि तो मॅप तर फाइल करणाऱ्यानं बिघडवलेला.

म्हणून डीएसजी गाडीवर इंजिनाचे आरपीएम आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे आरपीएम एकाच लॉगमध्ये शेजारी घ्या. किरकोळ फरक चालतो. टॉर्क चढताना फरक फाटत गेला, तर क्लच घसरतोय आणि तेल तापतंय. घाटात पूर्ण पेडल दाबून हे तपासायला जाऊ नका, तिथे ट्रकांची रांग असते. डायनो (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायचं यंत्र) मिळाला तर उत्तम. दुरुस्ती सरळ आहे, वेळखाऊ आहे इतकंच: हवेवरून टॉर्क आणि टॉर्कवरून हवा हे दोन्ही मॅप एकमेकांचे अचूक उलटे ठेवा, ताणलेल्या भागात टॉर्कचे आकडेही खरे वाढवा, लिमिटर त्याप्रमाणे हलवा आणि क्लचचा दाब व टॉर्कमर्यादा गिअरबॉक्सच्याच फाइलमध्ये वाढवा. हे करताना टॉर्क मॉनिटरिंग आडवं येतं, म्हणून काही जण ते बंद करून टाकतात. ते कधीही करू नका. पेडल सोडल्यावरही इंजिन जोर लावत राहिलं, तर ते थांबवणारी यंत्रणा तीच आहे.

पहिल्यांदा हे सगळं डोक्यावरून जाईल. जाऊ द्या. एका फाइलमध्ये नीट कळलं की पुढच्या फाइलींत तीच साखळी ओळखू येते.

आपल्या गावाचं एक वेगळं आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. मुंबईत हवेचा दाब १०१३ मिलिबारच्या आसपास, इथे साधारण ९४०. फाइलमधला बूस्ट निरपेक्ष दाबात (बाहेरच्या हवेचा दाब धरून) असतो, म्हणजे तोच आकडा गाठायला इथे टर्बोला जास्त फिरावं लागतं. मुंबईच्या गाडीची फाइल इथे जशीच्या तशी टाकलीत, तर मे महिन्याच्या उन्हात टर्बो आणि इंटरकूलर दोघांचीही दमछाक होते. गिऱ्हाईक रोज कोणतं पेट्रोल भरतं तेही आधीच विचारा. १०० ऑक्टेनवर बसवलेलं इग्निशन (ठिणगीची वेळ) साध्या पंपावरच्या पेट्रोलवर टिकत नाही.

कायद्याचंही स्पष्ट सांगा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधनं घालतं, वॉरंटी जाऊ शकते, विमा अडू शकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) काढून द्या म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, कितीही पैसे देत असला तरी.

फ्लॅश करताना (फाइल गाडीत टाकताना) बॅटरीला स्थिर पुरवठा देणारा चार्जर लावा आणि मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. आणि सुरुवात मॅन्युअल गिअरच्या गाडीवर करा. १.० टीएसआय पोलो चांगली, कारखान्यातून ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. टॉर्क थोडाच वाढवा, मग पाच-सहाशे किलोमीटर मालकाला चालवू द्या आणि पुन्हा लॉग काढा. क्लच घसरला तर तिथे आरपीएम आणि वेग यांचा मेळ सुटलेला लगेच दिसतो, आणि क्लच प्लेट बदलायचा खर्च डीएसजीच्या मानानं बराच कमी येतो.