साथीत महापालिका मदतीचा पैसा कुठून आणते, आणि आपण तो कागदावर कसा शोधायचा

कोविडच्या दोन वर्षांत "महापालिकेने इतके कोटी खर्च केले" हे आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलंय, पण ते पैसे कशातून काढले, सही कोणाची, बिल कुठेय असं विचारलं की समोरचा गप्प. पुढची साथ कधी येईल माहीत नाही, पण तेव्हा तरी आपल्या वॉर्डातल्या चार जणांना हे कागद वाचता यायला हवेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. उदाहरण पुण्याचं घेतलंय. कायदा १९४९चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, आणि मुंबई सोडली (तिचा स्वतःचा १८८८चा कायदा आहे) तर राज्यातल्या बाकी सगळ्या महापालिकांना तोच लागू आहे, त्यामुळे ठाणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूरवाल्यांनाही हे जसंच्या तसं वापरता येईल.

पहिली गोष्ट, बजेटच्या जाड पुस्तकात साथ शोधत बसू नका, ती तिथे सापडणारच नाही. पुण्याचं २०२०-२१चं बजेट आयुक्तांनी ६,२२९ कोटींचं मांडलं, स्थायी समितीने (खर्चाला मंजुरी देणारी नगरसेवकांची समिती) ते ७,३९० कोटींवर नेलं, आणि हे सगळं होऊन गेल्यावर ९ मार्च २०२०ला पुण्यात राज्यातले पहिले दोन पेशंट सापडले आणि नायडू हॉस्पिटलला दाखल झाले. म्हणजे पुस्तक छापून तयार आणि त्यात कोविडसाठी एक रुपया नाही. त्यामुळे साथीचं खरं बजेट हे वर्षभर तुकड्यातुकड्यांत, प्रस्तावांवर प्रस्ताव असं बनत जातं, आणि आपल्याला ते तुकडे गोळा करायचे असतात.

सुरुवात जमेच्या बाजूने करा. सगळे खर्चाकडे धावतात, पण साथीत आधी जमा पडते. महापालिकेचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः राज्याकडून येणारं जीएसटीचं अनुदान, मिळकतकर, आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. आता बघा, पुण्यात तेव्हा मिळकतकरावर सवलत मिळायची ती मेअखेरपर्यंत भरला तर, त्यामुळे लोक एप्रिल-मेमध्ये रांगा लावून कर भरायचे, आणि २०२०चा लॉकडाऊन बरोबर त्याच दोन महिन्यांत. बांधकामं बंद म्हणजे परवानगीचे पैसेही बंद. वरून ४ मे २०२०ला राज्य सरकारने जीआर काढला की वर्षभर योजनांवर ३३ टक्केच निधी मिळेल, नवीन कामं काढायची नाहीत, भरती नाही, आणि त्यातून आरोग्य, अन्नपुरवठा, मदत-पुनर्वसन अशा मोजक्याच खात्यांना प्राधान्य. म्हणजे वरून येणारा हातही आखडता. तर तुमच्या महापालिकेचा महिन्याचा जमाखर्च मिळवा आणि एप्रिल ते जूनची जमा आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी शेजारी ठेवून बघा. मदतीला हात किती लांब जाणार हे त्या एका पानावर कळतं. स्थायी समितीने फुगवलेला आकडा बाजूला ठेवा, तो जमा झालाच पाहिजे असा कुठे नियम नाही.

आता मुख्य भाग, वर्गीकरण. हा शब्द पाठच करून ठेवा. एका कामासाठी ठेवलेली तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवायची तर वर्गीकरणाचा प्रस्ताव येतो, आणि साथीतला निम्मा इतिहास त्या प्रस्तावांत असतो. रस्त्याचं डांबरीकरण, उद्यानातलं कारंजं, नगरसेवकांची स-यादी (त्यांच्या प्रभागातल्या कामांसाठीची तरतूद), भूसंपादन, यातून काढून औषधं, किट, ॲम्ब्युलन्स, जेवण याकडे. प्रस्तावाला जोडलेला तक्ता असतो, त्यात साधारण अर्थशीर्षक (तो खर्च बजेटमधल्या कुठल्या खात्यातला), मूळ तरतूद, आजवरचा खर्च, शिल्लक आणि वर्ग करायची रक्कम असे रकाने येतात. लोक शेवटचा रकाना वाचतात, मी म्हणेन आधी शिल्लक वाचा. वर्षअखेर जवळ आली आणि कामाची निविदाच निघालेली नसेल तर ती शिल्लक खरी, तिथून पैसे काढले तरी कोणाचं नुकसान नाही. पण काम सुरू आहे, ठेकेदाराची बिलं यायचीयत, आणि तरी शिल्लक दाखवून पैसे उचललेत, तर पुढच्या वर्षी ते बिल दायित्व म्हणून मानगुटीवर बसतं आणि तेव्हा कपात होते ती बहुतेक वेळा वस्तीतल्या ड्रेनेजची किंवा अंगणवाडीची, मोठ्या पुलाची नाही. याचा मला फार राग येतो, कारण मदत वस्तीच्या नावाने झाली आणि पैसेही वस्तीच्याच वाट्यातून गेले.

यातच एक बारकावा आहे. जेवण, औषधं, कंत्राटी नर्सचा पगार, मंडपाचं भाडं हा महसुली खर्च. व्हेंटिलेटर, ऑक्सिजन प्लांट, इमारत हा भांडवली. साथीत बहुतेक मदत महसुली असते आणि ती खर्च झाली की संपली. म्हणून वॉर्डातल्या मीटिंगला जाल तेव्हा हा प्रश्न नक्की विचारा, की यातलं साथ ओसरल्यावर आपल्याकडे काय राहणार. जंबो हॉस्पिटलचं उदाहरण घ्या. शिवाजीनगरला सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर ऑगस्ट २०२०मध्ये ८०० बेडचं तात्पुरतं हॉस्पिटल उभं राहिलं, उभारणी पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), खर्चाचा भार राज्य, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि पीएमआरडीए यांच्यात वाटलेला. तेव्हा बेडच मिळत नव्हते, लोक रात्रभर फोन फिरवत होते, त्यामुळे ते उभारलं हे बरोबरच केलं. पण मंडप उतरला की उतरला. पैसा एकापेक्षा जास्त खिशांतून येतो तेव्हा प्रत्येकाचा वाटा किती ठरला आणि किती प्रत्यक्षात आला हे दोन वेगळे कागद असतात, दोन्ही मागा.

मग प्रश्न येतो सहीचा. साथीत निविदा काढून महिनाभर थांबता येत नाही हे कोणालाही पटेल, आणि कायद्यात त्याची सोय आहे, कलम ६७(३)(क). रोगाची साथ किंवा जिवाला धोका असेल तर आयुक्त ताबडतोब लागेल ती कारवाई करू शकतात. पण त्याच कलमात पुढे अट आहे जी सगळे विसरतात: काय केलं, का केलं, आणि बजेटमध्ये तरतूद नसलेला किती खर्च झाला किंवा होईल हे त्यांनी लगेच स्थायी समितीला आणि महापालिकेला कळवायचं. म्हणजे परवानगी नंतर घ्या पण हिशोब लगेच द्या. तुम्ही शोधायचा तो हा अहवाल. मुंबईत हेच वेगळ्या कलमांनी झालं, १७ मार्च २०२०ला स्थायी समितीने ठराव करून खर्चाचे अधिकार आयुक्तांना दिले आणि पुढे त्याच समितीत हिशोब मागण्यावरून वाद झाले. पुढे कॅगने (सरकारी हिशोब तपासणारी केंद्रीय यंत्रणा) मुंबई महापालिकेचं विशेष ऑडिट केलं तेव्हा सुमारे ३,५०० कोटींचा कोविड खर्च त्याच्या बाहेर राहिला, साथरोग कायद्याचं कारण देऊन. ज्या दोन वर्षांत लोकांनी सगळ्यात जास्त सोसलं नेमका तोच हिशोब झाकलेला, हे मला अजूनही पटलेलं नाही. आणि मार्च २०२२मध्ये मुंबई-पुण्यातल्या सभागृहांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा तर प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. नगरसेवक नसतील तेव्हा हे कागद मागणारं दुसरं कोण राहतं, तर आपणच.

बाहेरून येणारा पैसा थोडक्यात सांगतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, म्हणजे एसडीआरएफ, केंद्राने १४ मार्च २०२०ला कोविडसाठी मोकळा केला, पण त्यातून काय घेता येईल याची यादी ठरलेली होती: क्वारंटाइन, टेस्टिंग, उपकरणं वगैरे. जिल्हा नियोजन समितीचा निधी वेगळा, २०२१-२२मध्ये त्यातले ३० टक्क्यांपर्यंत कोविडला वापरायची मुभा होती. रिक्षावाले, परवानाधारक फेरीवाले यांना एप्रिल २०२१मध्ये जाहीर झालेले १,५०० रुपये राज्याचे, महापालिकेचे नाहीत, तिचा वाटा फेरीवाल्यांची यादी देण्यापुरता (आणि नोंदणी झालेली नसल्याने कितीतरी फेरीवाले त्याच यादीबाहेर राहिले, त्यामुळे साथ नसताना यादी नीट करून घेणं हीच मोठी मदत). सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून आलेल्या वस्तू तर बजेटमध्ये दिसतच नाहीत, त्या स्टोअरच्या आवक रजिस्टरला बघायच्या.

आता प्रत्यक्ष अंदाज कसा बांधायचा. धरा एका क्वारंटाइन सेंटरमध्ये २०० माणसं, १४ दिवस, माणशी रोज १८० रुपयांत चहा, नाष्टा, दोन जेवणं. २०० गुणिले १४ गुणिले १८०, झाले ५ लाख ४ हजार. असा हिशोब वॉर्डातल्या प्रत्येक सेंटरचा मांडा, त्यात सफाई, पाणी, ॲम्ब्युलन्सचं डिझेल घाला, आणि मग महापालिकेने त्या वॉर्डासाठी किती ठेवलेत ते बघा. फरक खूप असेल तर विचारा.

माणसांचा आकडा मात्र स्वतः तपासा. मी एका सेंटरवर जेवण वाटायच्या टीममध्ये होतो. दुपारी साडेबाराला टेम्पो यायचा, आम्ही डबे मोजून वर न्यायचो, कधी १६०, कधी २१०, एका दिवशी तर ९५ कारण आदल्या रात्री निम्मे घरी सोडलेले. पुढे माहिती अधिकारात त्या महिन्याचं बिल काढलं तर ३० दिवस रोज २४०. एकही दिवस वेगळा नाही, ९५च्या दिवशीसुद्धा २४०. दर अगदी रास्त होता, त्यावर कोणी बोट ठेवलं नसतं, पैसे गेले ते माणसांच्या आकड्यात. तेव्हापासून मी बिलासोबत नेहमी हजेरीपट आणि डिस्चार्ज रजिस्टर मागतो.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना महाराष्ट्रात १५० शब्द आणि एकच विषय अशी मर्यादा आहे, त्यामुळे "कोविडचा सर्व खर्च द्या" असं लिहिलंत तर अर्ज परत येईल नाहीतर मोघम उत्तर येईल. सेंटरचं नाव, महिना, आणि नेमके कागद लिहा: कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), बिलाची प्रत, हजेरीपट, ६७(३)(क)खाली स्थायी समितीला दिलेला अहवाल. वर्गीकरणासाठी वेगळा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत. फोटोकॉपी मागण्याआधी फाईल बघायची परवानगी मागा, कारण फाईलमध्ये टिपणीची पानं असतात, त्यावर लेखा विभागाने पेनाने लिहिलेले शेरे असतात, "तरतूद उपलब्ध नाही", "हजेरी जोडावी" असे, आणि कुठलं पान मागायचं ते त्या शेऱ्यांवरूनच समजतं.