जुन्या सागवानातले खिळे उपटताना या चुका टाळा

खानापूरकडचं कौलारू घर उतरवलं की वासे, रीपा, तुळया सगळं अंगणात येऊन पडतं. सागवान बघून जीव हरखतो, पण रीपेरीपेत खिळे. आमचं घर उतरवलं तेव्हा मी आल्या आल्या कटावणी घातली. तासाभरात तीन खिळ्यांची डोकी तुटली आणि एक वासा चिरला. कट्ट्यावर बसलेले सुतारमामा म्हणाले, "ओढालास कशाला रे? आधी आत मार की!"

सगळ्यात मोठी चूक तीच. लोखंड गंजलं की फुगतं आणि लाकडाच्या तंतूंना घट्ट चिकटतं. अशा वेळी ओढलं की खिळा तुटतो, नाहीतर लाकडाची सालपटं घेऊन येतो. डोक्यावर हातोडीचा बेताचा ठोका द्यायचा. खिळा केसभर आत सरकला की गंजाची पकड सुटली. मग जंबुराने, म्हणजे खिळे उपटायच्या पकडीने, धरून वर घ्यायचा. ओढताना जंबुराखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे फळीवर खड्डा पडत नाही. खिळा वर येईल तसा ठोकळाही जाड घ्या, नाहीतर खिळा मधेच वाकतो.

जुन्या दारांचे खिळे मागून वाकवलेले असतात. ते डोक्याकडून ओढू नका. आधी टोक सरळ करा, टोकावर ठोका, डोकं आपसूक वर येतं. डोकंच नसेल तर पटाशीने बाजूचं लाकूड थोडं कोरून जंबुराला धर करून द्या. तेही जमलं नाही तर सुंब्याने, म्हणजे बोथट टोकाच्या लोखंडी कांडीने, ठोकून पलीकडे काढा.

तेल, डिझेल ओतायचा सल्ला सगळे देतात. मला पटत नाही. ते लाकडात मुरतं आणि पुढे फेविकॉल धरत नाही, पॉलिश बसत नाही. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात भिजलेलं लाकूड तर लगेच हातात घेऊच नका. फुगलेलं लाकूड खिळा सोडत नाही. आडोशाला हवेशीर रचून नीट वाळू द्या.

खिळ्याभोवतीचा काळा डाग म्हणजे लाकडातल्या टॅनिनचा लोखंडाशी झालेला संयोग. ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने तो फिका पडतो. पण ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा लावूनच वापरा, नंतर लाकूड भरपूर पाण्याने धुवा.

टोकं वर आलेली फळी अंगणात तशीच टाकू नका. खिळा पायात घुसला तर जखम धुऊन दवाखान्यात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते विचारा.

रंध्याला लावण्याआधी जुन्या स्पीकरचं चुंबक फळीवरून फिरवा. पितळी स्क्रू त्याला सापडत नाही, तो डोळ्यांनीच शोधायचा. मामा तर उपटलेले खिळे डालड्याच्या डब्यात टाकतात आणि शेवटी मोजतात: भोकं किती, खिळे किती. आमचा एक कमी भरला. मी म्हटलं, कुठेतरी पडला असेल.

तो रंध्याच्या पात्याला सापडला.