साटन हे विणीचं नाव: कापड ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

शिवणकाम, बुटिक किंवा कापडदुकानात नव्याने उतरणाऱ्यांची पहिली गफलत नावांतच होते. गिऱ्हाईक विचारतं, "हे साटन प्युअर आहे ना?" आणि नवखा विक्रेता बेधडक हो म्हणतो. साटन हे तंतूचं नाव नाही, विणीचं आहे. ते रेशमाचं असू शकतं, सुतीही असतं आणि स्वस्त साटन बहुतेक वेळा पॉलिस्टरचं असतं. जॉर्जेट आणि क्रेपचंही तेच. जास्त पीळ दिलेल्या सुतामुळे येणाऱ्या रवाळ पोताची ही नावं आहेत. म्हणून ताग्यावरचं लेबल वाचण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करायच्या: तंतू कोणता, सूत कसं कातलंय आणि वीण कोणती.

कापूस आणि लिनन वनस्पतीतून येतात. ज्या जवसाची चटणी आपण खातो, त्याच झाडाच्या काडातून लिननचा तंतू निघतो. रेशीम आणि लोकर प्राणिज आहेत, म्हणजे प्रथिनं. पॉलिस्टर, नायलॉन आणि ॲक्रिलिक यांचा कच्चा माल पेट्रोलियमचा. या सगळ्यांच्या मध्ये बसतो व्हिस्कोस, बाजारभाषेत रेयॉन. तो कारखान्यात तयार होतो, पण लाकडाच्या लगद्यापासून, त्यामुळे जाळल्यावर हुबेहूब सुती वागतो. नवख्यांना सर्वात जास्त फसवतो तो हाच.

जाळून पाहण्याची परीक्षा सगळ्यांना ऐकून माहीत असते, पण बहुतेक जण ती चुकीची करतात. कापडाचा तुकडा पेटवायचा नाही. काठाजवळून ताण्याचे (उभे) पाचसहा धागे काढा, बाण्याचे (आडवे) वेगळे काढा. प्रत्येक जुडीला पीळ देऊन साधारण ५ सेंटीमीटरची वात करा. पंखा बंद, खाली स्टीलची ताटली, शेजारी पाणी. वात चिमट्यात धरून ज्योतीच्या बाजूने हळूहळू जवळ न्या, कारण निम्मं उत्तर ज्योतीला लागण्याआधीच मिळतं.

सुती धागा आक्रसत नाही. लगेच पेटतो, बाहेर काढला तरी जळत राहतो, ज्योत गेल्यावर टोक धुमसतं, कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. रेशीम आणि लोकर ज्योतीपासून आक्रसतात, सावकाश जळतात, बाहेर काढल्यावर बहुधा विझतात. वास केस जळल्याचा, आणि उरलेला काळा गोळा चिमटीत दाबला की भुगा होतो. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि शेवटी कडक गोळा उरतो, तो काही केल्या चुरडत नाही. नायलॉनही वितळून कडक गोळाच देतं. ॲक्रिलिक भडकून जळतं. वितळलेला थेंब त्वचेला चिकटून भाजतो, म्हणून गोळा पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावू नका.

ताणा-बाणा वेगळे जाळायचे ते अशासाठी, की कित्येक साड्यांत एका बाजूला रेशीम आणि दुसऱ्या बाजूला दुसराच तंतू असतो. दोन्ही एकत्र जाळले तर केसांचा वास येतो आणि "प्युअर" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. जरीचे धागे बाजूला काढा, त्यांतली धातूची तार राखेचा अंदाज बिघडवते. वास कागदाचा पण हाताला कडक कण लागतात, असं झालं तर ते पॉलिस्टर-कॉटनचं मिश्रण समजा. मिश्रणाचं प्रमाण मात्र ज्योत सांगत नाही. ६७:३३ आहे की ८०:२०, हे प्रयोगशाळेतच कळतं. तेव्हा गिऱ्हाइकाला टक्केवारी अंदाजाने सांगू नये.

सुती की रेयॉन, हे पाण्याने कळतं. एक धागा घ्या, मध्यावर ओलं बोट लावा आणि दोन्ही टोकं ओढा. ओल्या जागीच पटकन तुटला तर बहुधा व्हिस्कोस. साधा व्हिस्कोस भिजल्यावर जवळजवळ निम्मी ताकद गमावतो, उलट कापूस भिजल्यावर थोडा बळकट होतो. रेयॉनची कुर्ती पिळायची नाही आणि निथळती ओली हँगरला टांगायची नाही, ती याचमुळे. स्वतःच्याच वजनाने ती लांब होते.

अंगावर कापड कसं वाटेल, हे बऱ्याच अंशी तंतू किती ओल धरतो यावर ठरतं. साधारण दमट हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस ७ ते ८ ग्रॅम ओल धरतो, रेशीम ११ च्या आसपास, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. मे महिन्यात पॉलिस्टरचा शर्ट चिकटतो तो यामुळे, आणि कोकणातल्या पावसात तोच शर्ट रात्रीत वाळतो तोही यामुळेच. म्हणून पॉलिस्टरला सरसकट हलक्या दर्जाचं म्हणणं आम्हाला पटत नाही. रोज धुवायच्या शाळेच्या गणवेशाला मिश्रण योग्यच आहे. त्याचा खरा दोष वापरून कापडावर तंतूंचे बारीक गोळे येण्याचा. सुती कापडावरही गोळे येतात, पण झडतात. मिश्रणात पॉलिस्टरचा चिवट तंतू त्यांना धरून ठेवतो.

खरेदीला जाताना आकड्यांची दिशा पक्की करा. काउंट आणि डेनियर हे दोन्ही सुताची जाडी सांगणारे आकडे: सुती सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होतं, डेनियर वाढलं की जाड. कापडाचं वजन काढायला १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा अचूक कापून ग्रॅममध्ये तोला आणि १०० ने गुणा, तो जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. शर्टिंग साधारण १०० ते १३०, टी-शर्टचं होजिअरी कापड १६० ते १८०. तुकडा कापण्याआधी कापड धुवून वाळवा. खळ जास्त असलेलं कापड दुकानात भारदस्त लागतं आणि पहिल्या धुण्यात पातळ होतं.

आटण्याची चाचणी तर कधीही टाळू नका. तुकड्यावर २५ सेंटीमीटरचा चौकोन न जाणाऱ्या शाईने आखा, गिऱ्हाईक घरी धुईल तसाच धुवा, सपाट वाळवा आणि दोन्ही दिशांनी मोजा. २५ चे २४ झाले तर ४ टक्के आटलं. ताण्याच्या दिशेने आटणं बहुधा जास्त असतं, कारण मागावर तेच धागे ताणलेले असतात.

ब्लाउजमध्ये ही चूक सर्वात महाग पडते. वरचं कापड पॉलिस्टरचं, ते आटत नाही. आतलं अस्तर सुती, न भिजवता कापलेलं. पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं, शिवणींवर चुण्या पडतात आणि कितीही इस्त्री केली तरी जात नाहीत. शिवण उसवून अस्तर बदलावं लागतं. अस्तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवा, न पिळता वाळवा, उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा आणि मगच माप टाका.