नागपुरात पीएचडी करायचीय? आधी गाईडच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा

पीएचडीला ॲडमिशन घेताना बहुतेक जण टॉपिकवर महिनोन्‌महिने डोकं घालतात आणि गाईड मात्र "सर चांगले आहेत असं ऐकलं" एवढ्यावर ठरवून मोकळे होतात. हे उलटं आहे. टॉपिक सिनॉप्सिस (म्हणजे संशोधनाचा आराखडा) मंजूर होईपर्यंत बदलत राहतो, गाईड सहसा बदलत नाही, आणि फेलोशिपच्या फॉर्मपासून थिसिस सबमिट करेपर्यंत सही त्यांचीच लागते. सोयरीक जुळवताना घरचे जशी चार ठिकाणी चौकशी करतात ना, तशी इथे करा.

सुरुवात शोधगंगावरून करा, ही देशातल्या विद्यापीठांचे थिसिस ठेवणारी वेबसाइट फुकट आहे, घरबसल्या होते. गाईडचं नाव टाकलं की त्यांच्या हाताखाली कोणाकोणाचे थिसिस झाले, शेवटचा कधी झाला, विषय एकमेकांच्या जवळचे आहेत की दर वेळी भलतंच काहीतरी, हे दिसतं (सगळे थिसिस अपलोड झालेले नसतात, तेवढं धरून चाला). दोन-तीन थिसिस उघडून ऋणनिर्देश वाचा, तिथे लॅबमधल्या सीनियर-ज्युनियरची नावं मिळतात. त्यातल्या एकदोघांना गाठा आणि शक्यतो बाहेर भेटा, लॉ कॉलेज चौकात चहा घेताना माणूस जे सांगतो ते डिपार्टमेंटच्या व्हरांड्यात सांगत नाही.

"सर कसे आहेत" असं विचारू नका, त्याला "चांगले आहेत" हेच उत्तर येतं. नेमकं विचारा. चॅप्टर दिला की किती दिवसांनी वाचून परत येतो? पेपरवर पहिलं नाव कोणाचं जातं? दिवाळीत गावाला जाऊ देतात का? बँकेची कामं, त्यांच्या मुलांचे प्रोजेक्ट, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हेही गळ्यात पडतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मध्येच सोडून कोण गेलं. त्या सोडून गेलेल्या माणसाशी बोलाच, कारण डिग्री मिळालेल्याला पुढे शिफारसपत्र लागतं, तो जपून बोलतो. अर्थात सोडून गेलेल्याचीही एकच बाजू असते, म्हणून दोघातिघांचं बोलणं जुळतंय का ते बघा आणि मगच मत बनवा.

रिटायरमेंट कधी आहे हे विचारायला लाजू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे ज्यांची 3 वर्षांपेक्षा कमी सर्व्हिस उरली आहे त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. प्रोफेसरकडे एका वेळी जास्तीत जास्त 8, असोसिएटकडे 6 आणि असिस्टंट प्रोफेसरकडे 4 विद्यार्थी. माझं स्पष्ट मत आहे की आठही जागा भरलेल्या नावाजलेल्या सरांपेक्षा एकदोनच विद्यार्थी असलेल्या, नियमित भेटणाऱ्या मॅडम केव्हाही बऱ्या.

पैशांचं गणित पण आधीच करा. जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप) असेल तर 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि मग एसआरएफचे, म्हणजे सीनियर फेलोशिपचे 42,000, घरभाडं वेगळं. जेआरएफ नसेल तर आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, महाज्योतीचं तर मुख्यालयच नागपुरात आहे. पण फेलोशिप कुठलीही असो, हप्ता उशिरा येऊ शकतो, त्यामुळे रूमभाडं आणि मेसचे काही महिन्यांचे पैसे बाजूला असू द्या. नोकरी असेल तर ऑफिसची एनओसी (ना हरकत पत्र) घेऊन पार्टटाइम पीएचडीही करता येते.

एकदा रजिस्ट्रेशन झालं की पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. गाईडशी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल टाका, "सर, आज हे हे ठरलं, पुढचा चॅप्टर अमुक तारखेपर्यंत देते". दर सेमिस्टरला रिसर्च ॲडव्हायजरी कमिटीपुढे (कामाची प्रगती बघणाऱ्या समितीपुढे) प्रेझेंटेशन असतं, तिथे गाईडकडून "हे तर मी सांगितलंच नव्हतं" असं निघालं तर तो मेल कामाला येतो. भांडणासाठी नाही, दोघांच्याही लक्षात राहावं म्हणून.

फील्डवर्क विदर्भात असेल तर मे महिना त्यात धरूच नका, पारा 45 च्या पुढे जातो, दुपारी कोणी भेटत नाही आणि तुमचीही तब्येत जाते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसांतून माहिती मिळायची आशा सोडा, ती कामं दिवाळीच्या आधीच उरकून घ्या.

घरी "अजून शिकूनच राहिला का?" हे ऐकावं लागणारच. चिडू नका, त्यांना खरंच माहीत नसतं. कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6, वर लागली तर 2 वर्षांची मुदतवाढ, आणि महिला व दिव्यांग विद्यार्थ्यांना त्याहून आणखी 2, हे एकदा आईबाबांना बसून नीट सांगा. मुलींनी 240 दिवसांच्या मातृत्व आणि बालसंगोपन रजेचंही सांगावं, म्हणजे "लग्न झालं की पीएचडी सुटेल" हा विषय तिथेच थांबतो. लग्नामुळे दुसऱ्या गावी जावं लागलं तर रिसर्च तिकडच्या संस्थेत नेण्याची तरतूदही यूजीसीच्या याच नियमांत आहे.

झोप उडाली, लॅबच्या नुसत्या विचाराने छातीत धडधडायला लागलं तर एकटं सहन करू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि गाईडशी अजिबातच जमत नसेल तर आपल्या विद्यापीठाचे गाईड बदलण्याचे नियम काढून वाचा, आपला सगळा डेटा आणि ड्राफ्टची कॉपी स्वतःकडे घ्या, दुसऱ्या गाईडची तयारी आहे का ते तोंडी विचारून घ्या आणि मगच डिपार्टमेंटला लेखी अर्ज द्या.