सोनेरी इटालियन खुर्चीला ओलं फडकं लावू नका

आमच्याकडं जुना बंगला पाडायला काढला, की अडगळीतनं काहीबाही बाहेर पडतं. मग शुक्रवार पेठेतल्या माझ्या वर्कशॉपला फोन येतो, "मामा, इटालियन रोकोको हाय म्हणत्यात. बघता काय?" बघतो. किंमत मात्र सांगत नाही, माझा धंदा दुरुस्तीचा.

रोकोको म्हणजे भरपूर नक्षीची, वळणावळणाची युरोपीय सजावटीची शैली. इटलीत ती साधारण १७३० ते १७७० या काळात बहरली. व्हेनिस, जेनोआ, तुरीन ही तिची मोठी ठिकाणं. बाकदार पाय, शिंपले, पानं आणि इंग्रजी सी-एस अक्षरांसारखी वळणं. पण एकोणिसाव्या शतकात याच शैलीच्या नकली खुर्च्या ढिगानं झाल्या, त्यामुळं नुसत्या नक्षीवरनं काही ठरत नाही.

खुर्ची उलटी करा. समोर एवढी नजाकत असली तरी मागची, खालची बाजू तेव्हाचे कारागीर बऱ्याचदा ओबडधोबडच सोडायचे. तिथं पटाशीचे, हातकरवतीचे सरळ, थोडे वेडेवाकडे ओरखडे दिसले तर बरं लक्षण. कमानीसारखे गोलसर ओरखडे म्हणजे गोल करवत, म्हणजे बहुतेक एकोणिसाव्या शतकातलं किंवा नंतरचं काम. अधिकच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू तर १९३० नंतरचा. तो दुरुस्तीचाही असू शकतो, म्हणून एका स्क्रूवर निकाल देऊ नका. खुर्चीच्या दोन्ही हातांवरची कोरीव पानं टिंबासकट एकसारखी असतील तर ती साच्यातली समजा.

आता सोनं. हाताच्या टोकाला, गुडघ्यावर म्हणजे पायाच्या वरच्या फुगीर बाकावर, जिथं घासून झिजलंय तिथं भिंग धरा. खरं काम असेल तर थर दिसतात: लाकूड, त्यावर सरस आणि जिप्समचा पांढरा लेप, त्यावर तांबूस माती, मग वर्ख. वर्खाच्या पानांची टोकं एकमेकांवर आली की बारीक सरळ रेघा पडतात, त्या शोधा. खाचेत साचलेला मळकट तपकिरी सोनेरी रंग म्हणजे नंतर कुणीतरी डब्यातला रंग मारलाय. हिरवट डाग आले असतील तर वर्ख पितळेचा.

इटलीत अजून एक युक्ती होती. चांदीचा वर्ख लावायचा आणि वर पिवळं व्हार्निश, की दिसायला सोनं. त्याच्यावर थिनर फिरवलात तर पिवळेपणा फडक्यावर येतो आणि खाली चांदी उघडी पडते.

सोनं खरवडून गुजरीत, सराफांकडं नेऊ म्हणणारेही भेटतात. अहो, हल्लीच्या वर्खाचा हिशोब धरला तर एक चौरस मीटरला जेमतेम २ ग्रॅम सोनं!

या कामातला सरस पाण्यात विरघळतो. ओलं फडकं, कॉलिन, साबण, काहीही लावलंत की वर्ख मातीसकट निघतो. मऊ केसांचा ब्रश घ्या, नवा. एका हातात व्हॅक्यूमची नळी दोन इंचांवर धरायची, दुसऱ्या हातानं धूळ हळूच तिच्याकडं लोटायची. लेपाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर ब्रशही नको. पडलेले तुकडे डबीत ठेवा आणि कुठून पडले त्याचा फोटो काढा. फेविकॉल लावू नका. तो परत सोडवता येत नाही आणि माझं काम दुप्पट होतं.

आमच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, वरचा लेप फुगत नाही, म्हणून तडे जातात. ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा, एसीचा झोत आणि ऊन दोन्ही टाळा. छिद्राखाली पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे. तेवढी खुर्ची बाकीच्यांपासून वेगळी करून मगच फोन करा. वर स्प्रे मारू नका.

आणि माझ्याकडं आणताना हाताला किंवा नक्षीला धरून उचलायची नाही. बैठकीच्या खालच्या चौकटीला दोघांनी धरायचं. टेम्पोत उभी ठेवा, खाली गादी घाला आणि दोरी सोनेरी भागावरनं फिरवू नका.